धुराची गिटार उन्हात टाकू नका

परीक्षा संपल्या की सोलापुरात जुन्या गिटारी बाजारात येतात. पुण्यातलं शिक्षण आटोपून परतलेली मुलं खोलीतलं सामान काढतात, नोकरी लागलेला एखादा गिटार विकून मोकळा होतो, आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत दोन-तीन हजारांत बरं वाद्य दिसायला लागतं. ज्यांना नवी गिटार परवडत नाही अशा घरांना हा मोठाच आधार आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी कितीतरी मुलांची पहिली गिटार अशीच आलेली असते. त्यांच्या वतीने मला आज लिहायचं आहे. यातल्या बऱ्याच गिटारींना सिगारेटच्या धुराचा वास असतो. विकणारा त्यावर अत्तर मारतो, घेणारा ती घरी नेऊन उन्हात टाकतो, आणि या दोघांच्या मध्ये एक चांगलं वाद्य कायमचं वाया जातं. हे थांबवता येतं. धुराचा वास जातो, बहुतेक वेळा पुरता जातो, घरातल्याच वस्तूंनी आणि फार थोड्या पैशांत जातो. त्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि चार चुकीचे उपाय टाळावे लागतात.

मी अशोक चौकाच्या बाजूला वाढलो. आई विड्या वळायची. रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पानं सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची आणि मग मांडीवर सूप घेऊन हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत बसायची. आमच्या पांघरुणांना, भिंतींना, माझ्या दप्तराला कच्च्या तंबाखूचा वास असायचा, आणि शाळेत मी त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. आईने आयुष्यात एकही विडी ओढली नाही. हे सगळं सांगायचं कारण असं, की जुनी गिटार विकताना "घरी बायका विड्या करतात ना, त्याचा वास आहे" असं सांगितलेलं मी एकाहून अधिक वेळा ऐकलं आहे. ऐकून घेणाऱ्याला ते पटतंही, कारण सोलापुरात हजारो घरांत विड्या वळल्या जातात. पण कच्च्या तंबाखूचा वास आणि जळालेल्या तंबाखूचा वास यांत फरक आहे, आणि त्या घरात वाढलेल्या कोणालाही तो डोळे मिटून सांगता येईल. कच्च्याचा वास गोडसर, मातकट असतो. तंबाखूची ती भुकटी विडी कामगार बायकांच्या छातीला त्रास देते, त्याबद्दल दुमत नाही. पण लाकडात खोलवर जाऊन बसतो तो धूर. कडू, शिळा, घशाला लागणारा. तो कोणीतरी बंद खोलीत वर्षानुवर्षं सिगारेटी ओढल्याशिवाय वाद्यात येत नाही. त्याचं खापर विड्या वळणाऱ्या बाईवर फोडू नये.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडच्या एका मुलीसाठी तिच्या आईने अशी गिटार घेतली. वडील यंत्रमागावर कामाला, आई शिवणकाम करते. पैसे जमवायला त्यांना बरेच महिने लागले होते. घेताना गुलाबाचा वास आला म्हणून त्यांना बरंच वाटलं. दोन दिवसांनी आईचा फोन आला, "ओ सर, बॅग उघडली की डोकं दुखायलंय बघा पोरीचं. गच्चीवर उन्हात टाकू का?" मी म्हटलं, "अजिबात नको ताई, आहे तशी घेऊन या."

गिटार कोलकात्याची होती, साधी, पण मान सरळ आणि आवाज मोकळा. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन मी आत पाहिलं. मधल्या गोल भोकातून दिसणारं कंपनीचं लेबल कडेने पिवळं पडलं होतं. आतल्या आडव्या पट्ट्यांवर धुळीचा थर होता, आणि ती धूळ सुटी नव्हती, चिकट होती. कानात घालायच्या कापसाच्या काडीचं टोक किंचित ओलं करून मी फ्रेटबोर्डवर पहिल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये फिरवलं. टोक तपकिरी झालं. मुलीच्या आईने ते हातात घेऊन नाकाशी नेलं आणि लगेच दूर धरलं. वरच्या पाटीवर ब्रिजच्या मागे पॉलिशचा एक डाग पडला होता, तिथे चकाकी गेली होती. अत्तराच्या फवाऱ्यात अल्कोहोल असतं आणि ते काही प्रकारचं पॉलिश खातं. वास झाकण्याच्या नादात विकणाऱ्याने वाद्याला नवी जखम करून दिली होती.

आता हा धूर म्हणजे नक्की काय, ते पाहू. तंबाखू जळताना सात हजारांहून अधिक रसायनं बाहेर पडतात. काही वायुरूप असतात आणि खिडकी उघडली की निघून जातात. पण डांबराचे अतिसूक्ष्म कण आणि निकोटिन जिथे टेकतात तिथे बसतात. भिंत, पडदा, गादी, गिटार, सगळीकडे एक पातळ चिकट थर तयार होतो आणि त्यातून वासाचे रेणू हळूहळू सुटत राहतात. गिटारची बाहेरची बाजू पॉलिशने बंद असते, तिथला थर फडक्याने निघतो. खरी अडचण आत आहे. बहुतेक कारखाने पेटीला आतून पॉलिश करत नाहीत. वरची पाटी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची आणि आतून कोरी असते. कोरं लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि ओलीबरोबर वासही आत-बाहेर करतो. म्हणून मे महिन्यात "वास गेला सर" म्हणून सांगणारे पालक जूनमध्ये पहिला पाऊस पडला की परत फोन करतात. वास कुठे गेलेला नसतो. कोरड्या हवेत तो दबून राहिलेला असतो एवढंच.

उन्हाबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण सोलापुरात सर्वांत जास्त गिटारी त्यानेच मरतात.

आपला उन्हावर फार भरवसा आहे, आणि तो उगाच नाही. पापड-कुरडया, वर्षाची ज्वारी, गाद्या, चादरी, लोणच्याच्या बरण्या, सगळं उन्हात टाकून आपल्या आयांनी घरं चालवली. पण गिटार हे पातळ फळ्या गोंदाने जोडून, त्यांवर कायमचा ताण देऊन केलेलं वाद्य आहे. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण साधारण ७० किलो भरतो, आणि तो सगळा ओढ घेतो पाटीवर गोंदाने चिकटवलेल्या एका छोट्या लाकडी ब्रिजवर. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर असतो. हा सावलीतला आकडा. गच्चीच्या फरशीवर थेट उन्हात ठेवलेलं गडद लाकूड किंवा बंद मोटारीतली गिटार ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते, आणि लाकडाचा साधा गोंद साधारण तेवढ्याच तापमानाला मऊ पडायला लागतो. ब्रिजची मागची कड उचलली जाते, पाटीला पोट येतं, मान वाकते. संध्याकाळी गिटार खाली आणताना काही दिसत नाही. आठवड्याने तारा बोटभर वर आलेल्या असतात आणि मूल म्हणतं, दाबत नाहीत.

त्यात आपल्याकडची कोरडी हवा. अॅकॉस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या उन्हाळ्यात दुपारी ती २५-३० टक्क्यांच्या आसपास घसरते. घरात सावलीत ठेवलेलं लाकूडसुद्धा आकसतं. फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं मानेच्या कडेने बाहेर येतात आणि हात सरकवताना टोचतात. अशा लाकडाला वरून ऊन दिलं की पाटीला रेषेच्या दिशेने तडा जातो. आणि एवढं करून धुराचं काय होतं? उष्णतेने वरवरचे वास उडतात, डांबर जागच्या जागी राहतं. पावसाळ्यात फुगलेल्या, तडकलेल्या गिटारला तोच वास परत येतो.

बाकीच्या उपायांवर फार वेळ घालवत नाही. धूप दाखवणं म्हणजे धुरावर धूर. उदबत्तीचंही तेच. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका, त्यांचा वास कोऱ्या लाकडात सिगारेटपेक्षा जास्त काळ राहतो आणि मुलाचं नाक त्या भोकापासून हातभर अंतरावर असतं. कॉफीची पूड वास झाकते, काढत नाही. खाण्याचा सोडा पेटीत पसरायला बरेच जण सांगतात. सोडा आंबट, आम्लधर्मी वासांवर चांगला चालतो, पण निकोटिन स्वतःच अल्कधर्मी आहे, त्यावर त्याचं फारसं बळ चालत नाही. शिवाय ती पूड पट्ट्यांच्या कोपऱ्यांत जाऊन बसते ती निघत नाही. मोटारीच्या आतला वास घालवायला ओझोनचं मशीन लावतात, ते गिटारला लावून देतो म्हणणारेही भेटतात. ओझोन फुप्फुसांना घातक आहे, रबर आणि पॉलिशही तो लवकर म्हातारं करतो. घरात, मुलांच्या वाद्यावर, त्याचं काम नाही.

मग करायचं काय? त्या मुलीच्या गिटारचं आम्ही जे केलं तेच सांगतो.

सगळ्यात आधी बॅग टाकून दिली. आईला ते जड गेलं, बॅग दिसायला चांगली होती. पण निम्मा वास बॅगेतच असतो. तिच्या अस्तराखाली स्पंज असतो, आणि स्पंज धूर जितका धरून ठेवतो तितकं लाकूडही धरत नाही. स्वच्छ केलेली गिटार त्याच बॅगेत परत ठेवली की सगळी मेहनत वाया. त्यांनी नंतर स्वतःच जुन्या सोलापुरी चादरीची, आत धुवायला काढता येईल असं अस्तर लावलेली पिशवी शिवली. ती दुकानातल्या बॅगेपेक्षा सरस आहे.

जुन्या तारा सगळ्या काढून फेकल्या. तारांच्या वेटोळ्यांत धुराचा आणि घामाचा चिकटा भरलेला असतो, तो निघत नाही, आणि नव्या तारांचा जोड काही शेकड्यांत मिळतो. मग पुसणं. इथे टेरी टॉवेल वापरू नये, त्याचे धागे फ्रेटच्या टोकांत अडकतात. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घ्यायचा, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून तो भिजवायचा आणि इतका पिळायचा की हाताला गारवा लागेल पण ओल लागणार नाही. पुसल्या पुसल्या कोरड्या तुकड्याने टिपून घ्यायचं. फडकं पिवळं येईनासं होईपर्यंत तुकडे बदलत राहायचे. फ्रेटबोर्ड शेवटी, कारण तोही कोरा असतो. तो सुकल्यावर त्याला फ्रेटबोर्डच्या तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नये, ते खवट होतं आणि मग एक नवाच वास सुरू होतो.

पेटीच्या आत हात घालणं अवघड. मधलं भोक साधारण दहा सेंटिमीटरचं असतं, माझा हात मनगटाच्या पुढे जात नाही. आधी मूठभर स्वच्छ, कोरडे तांदूळ आत टाकले, गिटार आडवी धरून हळूहळू गोल फिरवली, आणि उपडी करून बाहेर काढले. पांढरे तांदूळ करडे होऊन आले, त्यांच्याबरोबर धुळीचे गोळे, एक तुटकं पिक आणि सिगारेटच्या राखेचा एक तुकडाही आला. तो पाहून मुलगी गप्प बसली. ज्या गिटारमध्ये आत वायरिंग आणि बॅटरी असते तिच्यात हा प्रयोग सांभाळून करावा, दाणे वायरीत अडकतात. मग आईने हातात मोजा घातला, सडपातळ हात आत घातला आणि पिळून काढलेल्या फडक्याने तळाची फळी, बाजू, पट्ट्यांचे कोपरे असं पोचेल तिथपर्यंत पुसलं. हे काम मुलांकडून करून घेऊ नये. त्या थरात निकोटिन असतं आणि ते कातडीतून आत जातं.

त्यानंतर कोळसा. चुलीतला किंवा भट्टीतला नव्हे. त्याची काजळी पडते आणि वास ओढून घ्यायची ताकदही कमी असते. माशांच्या टाक्यांचं सामान मिळतं त्या दुकानांत अॅक्टिव्हेटेड चारकोल मिळतो, नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचं क्षेत्रफळ उलगडलं तर एक हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतं, आणि वासाचे रेणू त्या छिद्रांत जाऊन चिकटतात. सुती कापडाच्या दोन पुरचुंड्या बांधायच्या, एक दोरीने भोकातून पेटीत लोंबती ठेवायची, दुसरी बाजूला, आणि गिटार स्वच्छ मोठ्या पिशवीत बंद करून ठेवायची. आठ-दहा दिवसांनी बाहेर काढून, सावलीत, पंख्याखाली दिवसभर मोकळी ठेवायची. मग नवा कोळसा. असं करत राहायचं. यात घाई चालत नाही. वास लाकडाच्या आतून जसजसा वर येतो तसतसाच काढता येतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतची आपली हवा या कामाला सर्वांत चांगली, कोरडी पण सोसेल इतकी. उन्हाळ्यात करायचं झालं तर घरातल्या गार खोलीत करा आणि शेजारी पाण्याचं भांडं ठेवा.

त्या मुलीच्या गिटारचा वास पावसाळ्यात थोडा वर आला, पुन्हा कोळसा बदलला, आणि दसऱ्यापर्यंत नाक भोकाला लावल्याशिवाय कळेनासा झाला. तारा, कोळसा आणि तेल मिळून सगळा खर्च हजाराच्या आत झाला.

काही गिटारी मात्र यालाही दाद देत नाहीत. वर्षानुवर्षं परमिट रूममध्ये रोज रात्री वाजलेली एक गिटार माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, तिचा वास कोळशाने निम्मा झाला आणि तिथेच थांबला. तिच्यासाठी मला वाट सापडली ती मिरजेला. मिरजेच्या तंतुवाद्यांशी आपल्या जिल्ह्याचं जुनं नातं आहे. तिथल्या तंबोऱ्या-सतारींचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून जातात. फरीदसाहेब शिकलगारांपासून चालत आलेल्या त्या कारागिरीला, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या वाद्यांवर परंपरेने लाखेचं पॉलिश करतात. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतली लाखेची कीड झाडांवर जो राळेसारखा थर सोडते, तो शुद्ध करून चपडा तयार होतो, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश. लाखेचा सुकलेला थर वासाला आतच कोंडून ठेवतो. परदेशांत आग लागून गेलेल्या घरांच्या भिंतींना रंगाआधी लाखेचा हात देतात तो याच गुणामुळे. मिरजेतल्या एका वयस्क कारागिरांनी त्या गिटारच्या पेटीला आतून वाकड्या दांड्याच्या ब्रशने लाखेचा एक पातळ हात दिला. स्पिरिटचा वास उडायला काही दिवस गेले, पण धुराचा वास थांबला. आवाजात मला फरक वाटला नाही.

तरीही हा उपाय शेवटचा, आणि हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचा. एकदा लावलेली लाख लाकडातून परत निघत नाही, आणि स्पिरिटचा एक थेंब बाहेरच्या पॉलिशवर पडला तर तिथे कायमचा डाग पडतो. घरी करून पाहू नका, स्पिरिट पेट घेतं. सोलापुरात फर्निचरला फ्रेंच पॉलिश करणारे जुने कारागीर अजून आहेत. त्यांच्यापैकी कोणी वाद्यांच्या कामाकडे वळलं तर इथल्या लोकांना मिरज गाठावी लागणार नाही, आणि सनमायकाच्या जमान्यात त्यांच्या हातांनाही काम मिळेल. संगीताचे वर्ग चालवणाऱ्यांनी अशा एखाद्या कारागिराला जुनी, मोडकी गिटार देऊन हात बसवायला सांगावं. मी ते सुरू केलं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी वर्तमानपत्रात लिहावंसं वाटलं ती. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी करणारे नियम देशभर २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. एसटी स्टँडवर, रेल्वेत, सिनेमाघरात फरक पडला, तो आपण पाहिला. घर मात्र त्या नियमांच्या बाहेर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत भारतातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराचा सामना करावा लागतो असं दिसलं. हा झाला हवेतला धूर. वस्तूंवर बसून राहणाऱ्या धुराकडे शास्त्रज्ञांचं लक्ष त्या मानाने उशिरा गेलं. २००९ पासून त्याला 'थर्डहँड स्मोक' म्हणायला लागले, आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पृष्ठभागावर साचलेलं निकोटिन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार करतं. एका गिटारने कोणी आजारी पडेल असं मी म्हणत नाही. पण गिटारमध्ये जे साचलं ते त्या खोलीतल्या गादीत, पडद्यात, पाळण्यातही साचलेलं असतं. गिटार विकून टाकता येते, पाळणा नाही.

माझ्या वर्गात येणाऱ्या काही मुलांच्या गिटारी मी स्वच्छ करून देतो आणि चार महिन्यांनी त्यांना पुन्हा वास यायला लागतो. याचा अर्थ घरात, त्याच खोलीत, कोणीतरी ओढतंय. मी वडिलांना बाजूला घेऊन बोलतो. बहुतेक जण ऐकून घेतात, काही रागावतात, दोघांनी माझ्याकडचं शिकवणंच बंद केलं. तरी मी बोलत राहणार आहे. सोडता येत नसेल तर निदान दाराबाहेर जा, एवढंच माझं मागणं असतं. महाविद्यालयांच्या बँडच्या मुलांना, गणपतीत ऑर्केस्ट्रा करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. सरावाच्या खोलीत ओढू नका. तुमचं वाद्य आज तुमचं आहे. पुढे कधीतरी ते एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीकडे जाणार आहे, आणि तिच्या आईने त्यासाठी पैसे साठवलेले असणार आहेत.

विकणाऱ्यांना विनंती अशी की वास असेल तर जाहिरातीत तसं स्पष्ट लिहा आणि किंमत हजार-पाचशेने कमी करा. घेणारा फसल्यावर शिव्या देतो, पण आधी सांगितलेली गोष्ट लोक समजून घेतात. अत्तर मारू नका. तारा आणि बॅग बदलून, बाहेरून पुसून दिलीत तर किंमत भरूनही निघेल. वापरलेली वाद्यं ठेवणाऱ्या दुकानदारांनी हे करायलाच हवं, त्यांच्याकडे जागा आणि माणसं दोन्ही असतात.

आणि घेणाऱ्यांनी, विशेषतः मुलांसाठी घेणाऱ्या आईवडिलांनी, पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. बॅग पाच मिनिटं बंद ठेवायला सांगा, मग उघडून पहिला वास घ्या. गिटारच्या मधल्या भोकाशी नाक नेऊन दुसरा घ्या. ओल्या कापसाची काडी फ्रेटबोर्डवर फिरवून तिचा रंग बघा. धूर असला म्हणून चांगली गिटार सोडू नका, भाव कमी करून घ्या आणि घरी आणून वर सांगितलं तसं करा. गच्चीवर मात्र नेऊ नका.